सर्व्हरला ‘मर्क्युरी’ म्हणायचं की ‘प्रॉड-वेब-०१’?

रात्रपाळी

मंडळी, सल्ला हवा आहे. विषय कामाचा आहे, पण माझा जीव अडकलाय त्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडच्या सगळ्या सर्व्हरना मूलद्रव्यांची नावं आहेत आणि त्यामागे एकच नियम आहे: आयपी पत्त्याचा शेवटचा आकडा म्हणजे अणुक्रमांक. शेवटी १ असलेला गेटवे (नेटवर्कमधून बाहेर जायचं दार), तो हायड्रोजन. २ वर डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा), तो हीलियम. २६ आयर्न, २९ कॉपर, ४७ सिल्व्हर. मुख्य डेटाबेस ७९ वर, म्हणजे गोल्ड. वेब सर्व्हरला मुद्दाम ८० दिला, कारण वेबपानं पोचवणाऱ्या एचटीटीपीचं पोर्ट ८०, आणि आवर्त सारणीत ८० वर पारा. म्हणून तो मर्क्युरी. बॅकअपचं यंत्र ८२ वर, लेड: जड, आणि किरणोत्सारापासून आडोसा देणारं. मूलद्रव्यं ११८ च, म्हणून ११९ पासून पुढचे पत्ते डीएचसीपीला (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेला), लॅपटॉप आणि प्रिंटरसाठी मोकळे सोडलेत. ही पद्धत मी येण्याआधीची. ज्यांनी बसवली त्यांच्यापैकी आता कोणीच इथे नाही, पण रात्री कोणी फोनवर नुसतं ‘सिल्व्हर’ म्हटलं तरी बोटं आपोआप ४७ टाईप करतात. भिंतीवरची आवर्त सारणी हाच आमचा नेटवर्कचा नकाशा.

मला सर्वांत आवडतो तो ८४ पासूनचा भाग. पोलोनियमपासून पुढे एकही मूलद्रव्य स्थिर नाही, म्हणून त्या पत्त्यांवर फक्त तात्पुरती यंत्रं. कोणाला चाचणीसाठी यंत्र हवं असेल तर ते रेडॉन, फ्रान्सियम असलं काहीतरी मिळतं, आणि ते जाणार आहे हे नावातच सांगितलेलं असतं. ‘माझा डेटा का पुसला?’ असं रेडियमवाल्याने आजवर कधी विचारलेलं नाही.

प्रत्येक यंत्राच्या तोंडावर एक लेबल आहे. चौकोन, वर डाव्या कोपऱ्यात अणुक्रमांक, मध्ये ठळक चिन्ह, खाली पूर्ण नाव. तक्त्यात जिथे अणुभार लिहितात तिथे आम्ही रॅम लिहितो. रॅम वाढवली की लेबल नव्याने छापायचं. ते काम माझ्याकडे आहे. जुनं लेबल काढताना गोंदाचा पट्टा मागे राहतो तो स्पिरिटने पुसायचा, नवं चिकटवून कार्डाच्या कडेने हवा बाहेर काढायची. हे मी मन लावून करते. मला त्यात फार समाधान मिळतं.

आता नवे टीम लीड आलेत आणि सगळी नावं बदलून ‘वातावरण-काम-क्रमांक’ असा साचा आणायचं म्हणतात. गोल्डचं होणार प्रॉड-डीबी-०१ (प्रॉड म्हणजे प्रत्यक्ष वापरातलं, डीबी म्हणजे डेटाबेस), मर्क्युरीचं प्रॉड-वेब-०१. माणूस चांगला आहे आणि त्यांचे मुद्देही खोटे नाहीत. नव्या माणसाला गोल्ड म्हणजे काय ते कळत नाही. क्लाउडवर यंत्रं आपोआप डझनांनी उभी राहतात, त्यांना बसून नावं कोण देणार? आणि ऑडिटच्या तक्त्यात यंत्राचं काम दिसावं लागतं.

मला नुसतं ‘नको, आमची नावं गोड आहेत’ असं सांगायला जायचं नाही. पुढच्या बैठकीत बोलायची संधी आहे. म्हणून विचारते:

या नावांच्या बाजूने तांत्रिकदृष्ट्या टिकेल असं काय आहे? तुमच्याकडे कोणत्या पद्धतीची नावं होती, आणि ती टिकली का? ज्यांना ही असली नावं मनापासून नको आहेत त्यांनीही लिहा, मला ते ऐकायचंय.

अर्धविराम

रात्रपाळी, तुमची बाजू चांगली भक्कम आहे. तुमच्या लीडना आधी आरएफसी ११७८ वाचायला द्या (आरएफसी म्हणजे इंटरनेटची क्रमांक दिलेली तांत्रिक कागदपत्रं). ऑगस्ट १९९०, लेखक डॉन लिब्स, विषय फक्त एक: संगणकाला नाव कसं द्यावं. काही पानांचाच आहे. पस्तीसेक वर्षं झाली तरी त्यातलं बहुतेक सगळं आजही लागू पडतं.

त्यातला तुमच्या कामाचा सल्ला असा: यंत्राला त्याच्या कामाचं नाव देऊ नका, कारण काम बदलतं आणि नाव चिकटून राहतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका ठिकाणी ‘मेल-०१’ नावाचं यंत्र होतं. मेल त्यावरून केव्हाच हलवली होती. पण नाव अर्ध्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं, म्हणून बदलायची कोणाची हिंमत नाही. त्या यंत्रावर पगाराची प्रणाली चालायची. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगावं लागायचं की मेल-०१ चा मेलशी काही संबंध नाही. एकाला सांगायचं राहिलं. त्याने मेलचं जुनं यंत्र समजून ते बंद केलं, आणि ती नेमकी पगाराची आदली रात्र होती. ‘काम नावातच दिसतं’ हा तुमच्या लीडचा मुद्दा काम बदलेपर्यंतच खरा असतो. कॉपरचं काम बदललं तर कॉपर कॉपरच राहतं, नाव खोटं पडत नाही.

दुसरं, कानाचा प्रश्न. प्रॉड-डीबी-०१ आणि प्रॉड-डीबी-०७ यांत फरक शेवटच्या एका आकड्याचा. भर रात्री, स्पीकरवर, मागे पंख्यांचा आवाज चालू असताना तो आकडा हमखास निसटतो. गोल्ड आणि कॉपर एकमेकांत मिसळत नाहीत. यंत्रांची नावं स्क्रीनवर वाचली जातात त्यापेक्षा तोंडाने जास्त बोलली जातात. साचा ठरवणारे बहुतेक वेळा एक्सेलमध्ये बसून ठरवतात, म्हणून हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

त्या आरएफसीतलं माझं लाडकं उदाहरण सांगतो. एका ठिकाणी एका यंत्राचं नाव ‘अप’ ठेवलं होतं. मग संवाद असे: ‘इज अप डाउन?’ आणि ‘बूट द मशीन अप’ म्हटलं की समोरून ‘विच मशीन?’ रोजच्या बोलण्यातला शब्द नावाला घेऊ नये, एवढंच तात्पर्य, पण एकदा वाचलं की जन्मभर विसरत नाही. इंटरनेटची कागदपत्रं लिहिणारी माणसं अशी आहेत म्हणून मला या क्षेत्राचा लळा लागला.

आता तुमच्या लीडचे दोन मुद्दे मान्यच करायला हवेत.

नव्या माणसाला काम कळलं पाहिजे: बरोबर. त्यासाठी डीएनएसमध्ये सीनेम, म्हणजे टोपणनावाची नोंद, आहे. यंत्राचं खरं नाव गोल्ड, आणि ‘प्रॉड-डीबी’ हे त्याच्याकडे बोट दाखवणारं टोपणनाव. प्रोग्रामच्या कॉन्फिगमध्ये कायम टोपणनावच लिहायचं. उद्या डेटाबेस गोल्डवरून सिल्व्हरवर नेला तर सीनेम बदलला की झालं, कोडला हात लावायची गरज नाही. दोन नावं असणं हा गोंधळ नाही. एक नाव वस्तूचं आहे, दुसरं जबाबदारीचं.

क्लाउडवर आपोआप येणारी यंत्रं: तेही बरोबर. आमच्या धंद्यात ‘पेट्स आणि कॅटल’, म्हणजे लाडके पाळीव प्राणी आणि कळपातली गुरं, असा भेद करतात. ज्याला जपायचं, आजारी पडलं तर बरं करायचं, त्याला नाव द्या. जे बिघडलं की काढून टाकून दुसरं उभं करायचं, त्याला क्रमांक पुरे. त्यांना मूलद्रव्यांची नावं द्यायचा हट्ट तुम्हीही धरू नका.

नवीन_पान

नको म्हणणाऱ्यांची बाजू मी मांडते, कारण विचारलंय मनापासून.

माझ्या पहिल्या नोकरीत सर्व्हरना एका मालिकेतल्या पात्रांची नावं होती. ती मालिका टीममधल्या सगळ्यांनी मिळून पाहिली होती, मी आले तेव्हा ती केव्हाच संपलेली. कोणी म्हणायचं, ‘अमक्यावर डेटाबेस असणारच, तो नाही का सगळ्यांची गुपितं ठेवतो!’ सगळे हसायचे आणि मी वहीत लिहून घ्यायचे. कोणी वाईट वागत नव्हतं. पण यंत्राचं नाव समजायला चाळीसेक तासांची मालिका पाहावी लागणार असेल तर ते नाव घरच्यांसाठी आहे, येणाऱ्यासाठी नाही. मी तिथे पाहुणीच राहिले.

मूलद्रव्यांचं मला तसं वाटत नाही. तो तक्ता सगळ्यांचा आहे, शाळेत पाहिलेला आहे, आणि नियम एका वाक्यात सांगता येतो. तुमच्याकडे आले असते तर पहिल्याच दिवशी मीही ‘४७, सिल्व्हर’ असं म्हणू शकले असते. हा फरक बैठकीत जरूर सांगा. गंमत कुठली आहे यापेक्षा तिच्यात शिरायला दार आहे की नाही हे मोठं.

पण दोन तक्रारी आहेत. मॅग्नेशियम १२ आणि मँगनीज २५. हे फोनवर कोणीही घोळ घालणार. यातलं एक कायमचं रद्द करा. आणि ज्या नावांचं स्पेलिंग दोन प्रकारे होतं ती टाळा: ॲल्युमिनियम, सल्फर, सीझियम. अर्धे लोक ब्रिटिश लिहितात, अर्धे अमेरिकन, आणि ‘होस्ट सापडत नाही’ असं उत्तर आलं की यंत्र बंद पडलं असं समजून धावपळ सुरू होते.

आणि एक पान लिहा. नियम काय, कोण कुठे, तात्पुरतं कोणतं. भिंतीवरचा तक्ता घरून काम करणाऱ्याला दिसत नाही.

गुरुत्वमध्य

आमच्याकडे ग्रह होते. सूर्य म्हणजे मुख्य डेटाबेस, बाकी आठ-नऊ यंत्रं भोवती. छान चाललं होतं.

२४ ऑगस्ट २००६ ला प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो यादीतून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात व्हायच्या आधी आमची चर्चा सुरू: आपल्या प्लूटोचं काय? त्यावर इनव्हॉइसची छपाई चालायची. एका गटाचं म्हणणं, नाव बदला. दुसऱ्याचं म्हणणं, ज्याने इतकी वर्षं निमूट काम केलं त्याला मतदानाने काढायचं नाही. मी दुसऱ्या गटात होतो, अजूनही आहे. शेवटी नाव ठेवलं, पण यंत्र मुख्य नेटवर्कमधून डेव्हलपमेंटच्या नेटवर्कमध्ये हलवलं, आणि तिथे नवं यंत्र आलं त्याला एरिस नाव दिलं. प्लूटोच्या पलीकडे जवळजवळ तेवढ्याच आकाराचं एरिस सापडलं, म्हणूनच तर प्लूटोवर ही वेळ आली होती. दोघं एकाच स्विचवर.

अडचण अशी की ग्रह संपतात. नववं यंत्र आलं की पद्धत थांबली. मग आम्ही शनीच्या चंद्रांकडे वळलो. टायटन, रिया, डायोनी, मिमास, एन्सेलाडस. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि शनीचे चंद्र २७४ झाले, तेव्हा वाटलं आता आयुष्यभराची सोय झाली. पण त्यांतल्या बहुतेकांना अजून नावंच नाहीत, ‘एस/२०२० एस १’ अशा धाटणीचे तात्पुरते क्रमांक आहेत, आणि होस्टनेममध्ये, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कवरच्या नावात, तिरकी रेघ चालत नाही. अक्षरं, अंक आणि आडवी छोटी रेघ, बस.

आणखी एक ठेच सांगतो, तुमच्या उपयोगाची. शनीच्या एफ कड्याला आतल्या बाजूने सांभाळणारा प्रोमिथियस नावाचा चंद्र आहे. लोड बॅलन्सरला (येणाऱ्या विनंत्या यंत्रांमध्ये वाटून देणाऱ्याला) ते नाव अगदी शोभलं. पुढे देखरेखीसाठी प्रोमिथियस याच नावाचं सॉफ्टवेअर बसवलं. ‘प्रोमिथियस बंद आहे’ म्हणजे नक्की काय बंद आहे? अर्धविराम यांनी सांगितलेली ‘अप’ची गोष्ट आमच्याकडे जशीच्या तशी घडली. तुमच्याकडे ६१ वर प्रोमेथियम आहे, तेव्हा जपून.

सातवा_आवर्त

मी रसायनशास्त्र शिकवतो, सर्व्हर सांभाळत नाही. हा धागा एका विद्यार्थिनीने दाखवला. वाचून फार आनंद झाला, आणि दोन दुरुस्त्या सुचवल्याशिवाय राहवत नाही.

प्रोमेथियमचा विषय निघालाच आहे तर: ८४ पासून पुढचं सगळं अस्थिर, हे बरोबर. पण त्याआधीही दोन भोकं आहेत. ४३ टेक्नेशियम आणि ६१ प्रोमेथियम यांचा एकही स्थिर समस्थानिक नाही. त्या पत्त्यांवर कायमची यंत्रं असतील तर हलवा. आणि ८३ बिस्मथ! ते स्थिर आहे असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवत होतो. २००३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं की तेही क्षय पावतं. अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे २ × १०^१९ वर्षं, विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त. तत्त्वतः अस्थिर, व्यवहारात अढळ. त्या पत्त्यावर काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा, पण कोणीतरी वाद घालायला येईल हे धरून चाला. मीच येईन.

दुसरं, ‘तात्पुरतं’ हा एकच शिक्का कशाला? अर्धायुष्य वापरा ना. रेडॉन-२२२ चं ३.८ दिवस. फ्रान्सियम-२२३ चं २२ मिनिटं. ॲस्टटीन-२१० चं ८ तासांच्या आसपास, म्हणजे एक पाळी. उलट थोरियम-२३२ चं १४ अब्ज वर्षं आणि युरेनियम-२३८ चं जवळजवळ ४.५ अब्ज, पृथ्वीच्या वयाएवढं. या दोघांना तात्पुरते म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. तुमचा जुना दस्तऐवज, जो कधीच पुसायचा नाही, तो तिथे ठेवा. पोलोनियमच्या बाबतीत कोणता समस्थानिक धरायचा ते आधी लिहून ठेवा, कारण २१० चं अर्धायुष्य १३८ दिवस आणि २०९ चं शंभर वर्षांहून जास्त.

आता तुमच्या लीडच्या साच्याबद्दल. ‘११८ नंतर मूलद्रव्यंच नाहीत’ असं तुम्ही लिहिलंय. सापडलेली नाहीत, पण नावं आहेत. जे अजून सापडलं नाही किंवा सिद्ध झालेलं नाही अशा मूलद्रव्याला आययूपीएसी ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था अणुक्रमांकाच्या अंकांवरून ठरलेलं नाव देते. शून्याला निल, एकाला अन, दोनला बाय, असं करत शेवटी इयम. ११९ म्हणजे अनअनएनियम. १२० म्हणजे अनबायनिलियम. तुमचा शेवटचा वापरता येणारा पत्ता २५४, तो बायपेंटक्वाडियम. हे नाव यंत्रच बनवू शकतं, माणसाने बसून विचार करायला नको. आणि मूलद्रव्य सिद्ध झालं की त्याला खरं नाव मिळतं: ११३ आधी अनअनट्रियम होतं, २०१६ मध्ये निहोनियम झालं.

म्हणजे आम्हीही दोन्ही करतो. ज्याची ओळख पक्की त्याला नाव, ज्याची नाही त्याला साच्यातला क्रमांक. तुमचं भांडण आमच्याकडे कधीच मिटलेलं आहे.

शून्याधारित

वरचा प्रतिसाद छापून ठेवतोय.

थोडं अवांतर, पण याच जातीचं. सर्व्हर उत्तरासोबत पाठवतो त्या एचटीटीपी कोडांपैकी ४१८ बहुतेकांना माहीत असेल: ‘मी किटली आहे’. १ एप्रिल १९९८ च्या आरएफसी २३२४ मधला, लॅरी मॅसिंटर यांनी लिहिलेला, कॉफीची भांडी नेटवर्कवरून चालवायचा प्रोटोकॉल. किटलीला कॉफी करायला सांगितली तर तिने ४१८ परत करावा. लिखाण अगदी खऱ्या प्रमाणग्रंथासारखं, कुठेही डोळा मारलेला नाही, म्हणून ते वाचायला इतकं सुंदर आहे. २०१७ मध्ये हा कोड नोड आणि गो यांसारख्या प्रोग्रामिंगच्या साधनांमधून काढावा असा प्रस्ताव आला, तेव्हा एका शाळकरी मुलाने तो वाचवायची मोहीम उघडली आणि कोड राहिला. जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये तो अधिकृतपणे राखीव करून टाकलाय. कारणही तिथे दिलंय: गंमत म्हणून तो इतक्या ठिकाणी वापरला गेला की आता दुसऱ्या कशाला देता येणार नाही.

मी तो कामात वापरतो. आमच्या सेवेचा एखादा भाग अजून लिहिलेला नसेल तर तिथे चाचणीपुरता ४१८ परत पाठवतो. ५०० किंवा ५०२ हे बिघाडाचे कोड दिसले तर ते उत्तर आपल्या प्रोग्रामने दिलं की मध्ये बसून विनंत्या पुढे पाठवणाऱ्या प्रॉक्सीने, हे शोधत बसावं लागतं. ४१८ आपणहून पाठवणारा प्रॉक्सी मी अजून पाहिलेला नाही. ४१८ दिसला की विनंती आपल्या दारापर्यंत पोचली, एवढं नक्की. प्रॉडक्शनमध्ये मात्र ठेवू नका. ग्राहकाला किटलीशी देणंघेणं नाही.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बैठक झाली.

आरएफसी ११७८ आदल्या दिवशीच लीडना पाठवला होता. ते ‘अप’च्या गोष्टीवर थांबले होते, बैठकीत पहिलं वाक्य तेच निघालं. मेल-०१ ची गोष्ट अर्धविराम यांचं नाव न घेता सांगितली. त्यावर त्यांनी त्यांच्या आधीच्या ठिकाणचा किस्सा सांगितला, तिथे ‘टेस्ट-०२’ वर खरे ग्राहक होते. तिथून बोलणं सोपं झालं.

ठरलं ते असं. ज्या यंत्रांना हात लावता येतो, लेबल चिकटवता येतं, त्यांची नावं मूलद्रव्यांचीच राहणार. कामाची नावं सीनेममध्ये, लीडच्या साच्याप्रमाणे, आणि कॉन्फिगमध्ये फक्त तीच. ऑडिटच्या तक्त्यात दोन्ही रकाने. क्लाउडवरची यंत्रं साच्यातल्या क्रमांकाची. त्यांना अनअनएनियम वगैरे म्हणू या असं मी सुचवलं. लीड म्हणाले क्रमांकच ठेवू, पण कार्यालयातल्या डीएचसीपीच्या पत्त्यांना हवं तर दे. तर आता प्रिंटर १४४ वर आहे, अनक्वाडक्वाडियम. लेबलवर नाव एका ओळीत बसत नाही, अक्षरं लहान करावी लागणार.

नवीन_पान, मँगनीज रद्द केलं. तिथला प्रिंट सर्व्हर क्रोमियमवर, २४ वर हलवतोय. मग कोणीतरी म्हणालं की क्रोमियम नावाचा ब्राउझर आहे, म्हणून आता व्हॅनेडियम, २३. पानही लिहायला घेतलंय. तुमचा ‘दार’ हा मुद्दा मी तसाच मांडला, आणि टीममधली सर्वांत नवी मुलगी पहिल्यांदाच बैठकीत बोलली. तिला तक्ता पाठ होता आणि आम्हाला कोणालाच ते माहीत नव्हतं. पान तीच लिहिणार आहे.

सातवा_आवर्त सर, ४३ रिकामाच होता. ६१ वरचं यंत्र हलवतोय. अर्धायुष्याप्रमाणे आपोआप पुसण्याची स्क्रिप्ट लिहून झाली: फ्रान्सियम २२ मिनिटं, रेडॉन ३.८ दिवस, पोलोनियम १३८ दिवस, २१० धरून. युरेनियमवर जुनी कागदपत्रं चाललीत. बिस्मथवर काय ठेवावं यावर मत ठरेना. सध्या लायसन्स सर्व्हर सुचवलाय, कारण तो कधी संपेल ते कोणालाच सांगता येत नाही पण तत्त्वतः संपतो.

सातवा_आवर्त

बिस्मथला लायसन्स सर्व्हर: मान्य. वाद घालायला येत नाही.

अर्धविराम

उत्तम झालं. सीनेम टाकायला बसाल तेव्हा तीन गोष्टी पाहा.

डोमेनच्या मुळावर सीनेम चालत नाही, कारण तिथे एनएस आणि एसओए या डोमेनच्या मूळ नोंदी असतातच आणि सीनेमच्या शेजारी दुसरी नोंद राहू शकत नाही. मेलची एमएक्स नोंद (मेल कोणत्या यंत्राकडे द्यायची ते सांगणारी) टोपणनावाकडे वळवू नका, थेट यंत्राच्या नावाकडे द्या. आरएफसी २१८१ मध्ये तसा नियमच आहे. आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्रात कामाचं नाव घाला, कारण ब्राउझर किंवा प्रोग्राम त्याने विचारलेलं नाव तपासतो, मागे गोल्ड आहे की सिल्व्हर हे त्याला माहीत नसतं.

नोंदींचा टीटीएल (नोंद किती वेळ साठवून वापरायची ती मुदत) बदलाच्या आदल्या दिवशी पाच मिनिटांवर आणा. सगळं दोन दिवस नीट चाललं की मग वाढवा.